रबरी राक्षसाची गोष्ट

महोदय,

१९५४चा मूळ जपानी ‘गोजिरा’ (म्हणजे आपला गॉडझिला) हा राक्षसपट नुकताच पुन्हा पाहिला. रणगाडे खेळण्यातले आहेत हे लपत नाही, आणि राक्षस म्हणजे रबरी पोशाखात घामाघूम झालेला माणूस! तरी हसू येत नाही. पेटलेल्या टोकियोत एक आई लेकरांना कवटाळून सांगते, ‘आता बाबांकडेच जायचंय.’ पुढे इस्पितळात किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र एका चिमुरड्यापुढे धरलं जातं आणि मोजणारा नुसती मान हलवतो. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी हायड्रोजन बॉम्बचाचणीची राख जपानी मच्छीमारांवर पडली होती, हे आठवलं की ती मान विसरता येत नाही.

ती डरकाळीही राळ लावलेला चामडी हातमोजा कॉन्ट्राबास या खर्जातल्या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर घासून काढलेली!

पुढच्या चित्रपटांनी मात्र माती केली. १९६९च्या एकात तर मारामाऱ्या जुन्याच चित्रपटांतून उचलून चिकटवल्यात. शिळ्या कढीला ऊत, दुसरं काय! पोरं मात्र तेही मिटक्या मारत बघतात. आमच्या घरातली तरी.

– एक वाचक, पुणे