धुण्यासाठी दिलेल्या हेरिझ गालिच्याच्या परस्पर केलेल्या ‘दुरुस्ती’बाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गालिचा धुलाई विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले माझे पाचवे संभाषणही आज ‘तक्रार नोंदवली आहे’ या वाक्यावर संपले, म्हणून हे लेखी कळवीत आहे. वायव्य इराणमधील हेरिझचा, 100 वर्षांहून जुना, आजोबांनी इराणमधल्याच आबादानहून परतताना आणलेला गालिचा मी आपल्याकडे केवळ धुण्यासाठी दिला होता. पावतीवर ‘धुलाई’ एवढाच शब्द आहे.

तो परत आला तेव्हा दोन्ही टोकांची झालर छाटून तिच्या जागी पांढरीशुभ्र तयार झालर मशीनने शिवलेली होती. झालर ही मागाहून लावलेली शोभा नसून ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचीच, टोके असतात आणि ती कापली की शेवटच्या ओळींच्या गाठी सुटू लागतात, हे गालिच्यांवर व्यवसाय चालवणाऱ्यांना मी सांगावे काय? शिवाय लाल जमिनीतील फिकट-गडद पट्टे रंग चढवून एकसारखे करण्यात आले आहेत.

याविषयी आपले ‘तज्ज्ञ’ प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, रंग जागोजागी उडाला होता, तो आम्ही मोफत भरून दिला.” मी त्यांना समजावले की याला अबराश म्हणतात, विणताना रंगाच्या एका घाण्यातील लोकर संपून दुसऱ्या घाण्यातील लावली की छटा बदलते. क्षणभर थांबून ते म्हणाले, “म्हणजे विणणाऱ्याचीच चूक ना?” मी उत्तर देण्याआधीच त्यांनी मधल्या कोनदार पदकाची, म्हणजे मध्यभागीच्या मोठ्या नक्षीची, एक बाजू बोटभर रुंद असल्याचेही दाखवून दिले आणि मशीनचा नवा गालिचा घेतल्यास दोन्ही बाजू तंतोतंत मिळतील, वर 10 टक्के सूट मिळेल, असे सांगितले. लहानशा नमुन्यावरून अख्खा गालिचा उतरवणाऱ्या हेरिझच्या विणकरांना ही सवलत वेळीच कळली असती, तर त्यांचे कष्ट वाचले असते.

पुन्हा लिहिते, पावतीवर ‘धुलाई’ एवढाच शब्द आहे. चढवलेला रंग कोणता, हे लेखी कळवावे. छाटलेली टोके कचऱ्यात गेली नसल्यास परत करावीत. आणि माझ्या पसंतीच्या कारागिराकडून होणाऱ्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. आपल्या कारागिरांनी गालिच्याला पुन्हा हात लावू नये. 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. गेली 20 वर्षे आमच्या सतरंज्यासुद्धा विश्वासाने आपल्याकडे येत होत्या. आता पायपुसणेही येणार नाही.

उत्तर लेखीच द्यावे. दूरध्वनीवर आणखी सवलती ऐकण्याची माझी इच्छा नाही.

आपली आजवरची ग्राहक