१९७४ चा कप कुणाला आठवतो का?

संपादक साहेब, आपल्या ज्युनिअर फुटबॉल टीमचा विषय निघाला की सगळे २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपवरच येऊन थांबतात. दिल्लीत तिन्ही मॅच हरलो हे खरंय, पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारला तो फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, आणि त्या टीममध्ये आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता बरं का! पण १९७४ ला बँकॉकमध्ये कॅप्टन शब्बीर अलीच्या आपल्या टीमने फायनल २-२ बरोबरीत सोडवून इराणबरोबर आशियाई युवा कप वाटून घेतला ते कुणी सांगतच नाही. २०१८ ला स्पेनमध्ये एक जण रेड कार्डवर बाहेर गेल्यावरही आपल्या अंडर-२० च्या उरलेल्या दहा जणांनी अर्जेंटिनाच्या अंडर-२० ला २-१ हरवलं, तेही आठवड्यात विसरलो. क्रिकेटच्या पानावरची थोडी जागा इकडे पण द्या की राव.

– एक वाचक, कोल्हापूर