अर्जाविना फेरमोजणी हवी

संपादक महोदय,
'फेरमोजणी मागितली, दिली नाही' ही तक्रार दर निकालानंतर ऐकू येते. शिक्षक असताना मतमोजणीच्या टेबलावर बसलो आहे, म्हणून लिहितो. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधल्या नियम ६३ नुसार फेरमोजणीचा अर्ज मतांची बेरीज जाहीर झाल्यावर, पण निकाल घोषित होण्याआधी, लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो. मध्ये वेळ मिळतो जेमतेम. तोवर उमेदवारांचे निम्मे प्रतिनिधी गुलाल आणायला नाहीतर तोंड लपवायला पसार!

व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत दिल्यावर कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राची, पडताळणी मात्र कुणी न मागता होते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली ५ मतदान केंद्रं सोडत काढून निवडतात. जाळीच्या कक्षात चिमुकल्या चिठ्ठ्या उमेदवारनिहाय खणांत टाकायच्या, २५-२५चे गठ्ठे बांधायचे. आकडा जुळला नाही तर यंत्राचा नव्हे, चिठ्ठ्यांचा ग्राह्य. हे किती जणांना ठाऊक आहे?

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रं तपासून घेण्याची मुभा दिली. अर्ज निकालापासून ७ दिवसांत, खर्च त्याचाच. छेडछाड आढळली तर परत. त्याच वर्षी मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. एवढ्याशा फरकाला फेरमोजणी आपोआपच व्हावी, आयोगाने तसा नियमच करून घ्यावा.

– एक निवृत्त शिक्षक, कराड