कायमची का येत नाही ते

चि. सुधीर आणि मेघा,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस तेव्हा आई शेजारी होती म्हणून नीट बोलले नाही. आता रिटायर झालीस तर गाशा गुंडाळून कायमची सांगलीला ये, असं तू म्हणालास आणि मलाही किती वर्षं तेच वाटत होतं, पण बराच विचार करून ठरवलंय की कायमची नाही, दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी येईन.

एक तर पेन्शन. मी १९८८ ला लंडनला आले तेव्हा इथं बायकांना सरकारी पेन्शन ६० व्या वर्षी मिळायची, मग ते वय वाढवत वाढवत ६६ वर नेलं, आमच्या वयाच्या बायकांना सहा वर्षं जास्त थांबावं लागलं, त्याचा राग अजून आहे. पगारातून ३५ वर्षं हप्ते भरले की पूर्ण मिळते, २०२५-२६ ला आठवड्याला २३० पौंड होती, आणि दर एप्रिलला वाढते. पण भारतात कायमचं राहायला गेलं की जेवढी असेल तेवढ्यावरच ती गोठते, पुढं एक पैसा वाढत नाही. अमेरिकेत नाहीतर फिलिपिन्सला जाऊन राहिलेल्यांची वाढते, आपल्याकडं येणाऱ्यांची नाही, का तर तसा करार नाही. पैसे तर आम्हीही तेवढेच भरले ना रे! तुझ्या पेन्शनला महागाई भत्ता लागत राहील, मी ऐंशीची झाले तरी माझी तेवढीच. हॉस्पिटलची वेगळी पेन्शन कुठंही राहिलं तरी वाढते पण पोरं लहान असताना मी पार्टटाइम होते त्यामुळं ती अगदी थोडी आहे. शिवाय इथलं राहणंच सोडलं तर फुकटचे उपचारही गेले, आणि माझी शुगर तुला माहितीये.

आता दुसरं, तूही रिटायर होतोयस म्हणून हे तुझ्यासाठी लिहितेय. इतकी वर्षं हॉस्पिटलात तपासणीसाठी लोकांचं रक्त काढलं, अजून बसमध्ये समोरच्याची बाही वर सरकली की नजर आधी कोपराच्या खोबणीत जाते, शीर कुठली चांगली आहे, बोटानं दाबून बघायला हवी, असं आपोआप मनात येतं. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा सरकतात, त्यांच्याशी बोलत बोलत हळूच सुई घालावी लागते, ते मला फार छान जमायचं, लोक मुद्दाम माझ्या खुर्चीसाठी थांबायचे. ते गेलं याचं मला दुःख आहे, पैशाचं तेवढं नाही. सुरुवातीला सगळे म्हणत होते मजा कर, आराम कर, कुणी विचारलं नाही की तुला कामाची आठवण येते का. तुला मी विचारणार आहे. पगार महिन्याला यायचा, पेन्शन दर चार आठवड्यांनी येते, त्यामुळं तारीखसुद्धा लक्षात राहीना झालीये. ज्येष्ठांचा फुकट प्रवासाचा फ्रीडम पास मिळालाय, सकाळी नऊनंतर ट्यूबपण (भुयारी रेल्वे) फुकट, तर रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जाते, तिथं ज्येष्ठांबरोबर बसलं की बरं वाटतं.

गुरुजींनी शाळेत जन्मतारीख १ जून लावून टाकली म्हणून तू ३१ मेला रिटायर होणार. त्या दिवशी हारतुरे होतील, पण १५ जूनला तुझी शाळा भरेल आणि तू घरी असशील तो दिवस जड जाईल, मेघा, त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नकोस. ग्रॅच्युइटीचे पैसे आले की प्लॉट दाखवायला लोक येतील, वर्षभर कुणाला हो म्हणू नका. आणि तुला शिकवायला आवडतं तर गल्लीतल्या दोन-चार पोरांचं गणित घे, पैसे घेऊ नकोस हवं तर, पण बंद करू नकोस.

आईच्या फॅमिली पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, या वेळी तिला बँकेत मी नेईन, तोवर मी आलेली असेन. तिला कायमचं नाही म्हणून लगेच सांगू नका, मी आल्यावर तिच्याजवळ बसून सांगते.

तुझी,
आक्का