कीबोर्ड टाकून देण्यापूर्वी

महोदय,

गणपती जवळ आले की मालवण-कुडाळकडची भजनी मंडळं नि ऑर्केस्ट्रावाले माझ्याकडे कीबोर्ड घेऊन येतात. "हळू दाबलं तरी सूर किंचाळतो, दोन पट्ट्या तर मुक्याच." दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. थांबा जरा.

बहुतेक कीबोर्डांत प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत कार्बनचे दोन ठिपके असतात. एक आधी टेकतो, दुसरा नंतर. मधला वेळ मोजून जोर ठरतो: वेळ जितका कमी, तितका जोर जास्त; मिडीच्या (वाद्यांनी एकमेकांना सूर कळवायच्या डिजिटल पद्धतीच्या) हिशेबात 1 ते 127. खाऱ्या हवेने मळ बसून पहिला ठिपका उशिरा लागला, तर वेळ कमी भरतो आणि अलगद सूरही 127च्या जवळ जातो. दुसरा लागलाच नाही, तर पट्टी मुकी. अ‍ॅनालॉग सिंथच्या (विजेच्या सर्किटने सूर घडवणाऱ्या वाद्याच्या) कंट्रोलरवर, म्हणजे पट्ट्यांच्या फळीवर, या आकड्याचं व्होल्टेज फिल्टरला (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणाऱ्या भागाला) दिलेलं असेल, तर आवाजाचा पोतच बिघडतो.

म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ठिपके पुसा, नीट वाळू द्या, मगच कॅलिब्रेशन, म्हणजे जोराचं मोजमाप नव्याने जुळवणं. उलट केलंत तर मळालाच प्रमाण मानाल! आत प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) असेल तर फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर पेनाने खूण करा.

पेटीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. पेटीत जोर भात्याचा, बोटांचा नव्हे. त्यांना कीबोर्डचा टच (बोटांच्या जोराप्रमाणे आवाज बदलायची सेटिंग) 'ऑफ'च ठेवून द्यावा.

एका कंपनीकडे कीबोर्डचं सर्व्हिस मॅन्युअल (दुरुस्तीची माहितीपुस्तिका) मागितलं, तर "मॉडेल बंद झालं" एवढंच उत्तर आलं. बंद मॉडेलची मॅन्युअल्स तरी आम्हा कारागिरांना मिळावीत.

– एक दुरुस्ती कारागीर, कुडाळ