दहा अब्जांची बातमी आणि खरा खर्च

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकी लष्कर आयटी कंपन्यांवर किती पैसा उधळतं यावर आपल्या पेपरात परत एक बातमी वाचली आणि परत तोच घोळ. पॅलँटिर या सॉफ्टवेअर कंपनीला १० अब्ज डॉलर "मिळाले" म्हणे. अहो, मिळाले कुठे? २०२५ मध्ये अमेरिकेच्या आर्मीने त्या कंपनीशी जो करार केला तो जास्तीत जास्त १० अब्जांपर्यंत, आणि तोही १० वर्षांत मिळून, आधीचे ७५ वेगवेगळे करार एकात गुंडाळून केलेला आहे. हा आकडा म्हणजे सीलिंग, वरची मर्यादा. आर्मीने उद्या त्यातलं थोडंसंच घेतलं तरी करार मोडला असं कोणी म्हणणार नाही. पैसा जातो तो ऑर्डर निघाली की, आणि ऑर्डर निघताना जी रक्कम त्या कामासाठी बांधली जाते, ज्याला तिकडे ऑब्लिगेट करणं म्हणतात, तोच खरा खर्च. बातमी त्या आकड्याची हवी होती.

मी सॉफ्टवेअर विकण्याच्या बाजूला काम करतो, निविदांची कागदपत्रं वाचणं हा पोटापाण्याचा भाग आहे, त्यामुळे कदाचित मला हे जरा जास्तच खुपत असेल. पण हे काही गुपित नाहीये हो. पेंटॅगॉन दर कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता त्या दिवशीचे करार जाहीर करतं, ७५ लाख डॉलर आणि त्यावरचे सगळे. एकेक करार म्हणजे एकेक परिच्छेद, भाषा अगदी रटाळ. आधी कंपनी आणि तिचं गाव, मग मोठा आकडा, मग इंटरनेटवरून निविदा मागवल्या आणि इतक्या आल्या, मग काम कुठे होणार, कधी संपणार, त्याच्यापुढे कुठल्या वर्षाच्या कुठल्या खात्यातून आज नेमके किती पैसे बांधले, आणि शेवटी हा व्यवहार कुठल्या ऑफिसने केला, म्हणजे समजा आर्मी काँट्रॅक्टिंग कमांड, अ‍ॅबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड, मेरीलँड. बातमीदार पहिलं वाक्य उचलतात आणि पळतात. खरी गंमत असते "किती निविदा आल्या" आणि "आज किती बांधले" या दोन वाक्यांत. बरेचदा तर पैसे प्रत्येक ऑर्डरच्या वेळी ठरतील एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे मोठ्या आकड्यातलं नक्की काहीच नाही.

जेडायचं काय झालं आठवा. पेंटॅगॉनचं क्लाउडचं ते कंत्राट, १० वर्षं, १० अब्ज डॉलर. ऑक्टोबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टला दिलं, अ‍ॅमेझॉन कोर्टात गेली, काम अडकलं आणि जुलै २०२१ मध्ये अख्खं कंत्राटच रद्द करून टाकलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टला १० अब्ज मिळाले म्हणून ज्यांनी छापलं होतं त्यांनी नंतर ते परत घेतल्याचं काही माझ्या वाचनात नाही. त्याच्या जागी डिसेंबर २०२२ मध्ये दुसरं कंत्राट आलं, अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल, चौघांना मिळून ९ अब्जांचं सीलिंग. प्रत्येकाला नऊ नाही, चौघांत मिळून नऊ, आणि कामाचा तुकडा निघाला की चौघांनी परत आपापसात झगडायचं.

आता आपल्या बातमीत असाही सूर होता की काँट्रॅक्टिंग ऑफिसमधले, म्हणजे लष्करासाठी करार करणाऱ्या ऑफिसातले लोक आपल्या मर्जीतल्या कंपन्यांना पैसे वाटतात. हे मला पटत नाही. सरकारच्या नावाने सही करायचा अधिकार तिथे फक्त काँट्रॅक्टिंग ऑफिसरला असतो, त्याला तसं अधिकारपत्र, तिकडच्या भाषेत वॉरंट, दिलेलं असतं आणि किती रकमेपर्यंत सही करायची तेही ठरलेलं असतं, हे खरंय. पण काय घ्यायचं हे तो ठरवत नाही. ते ठरतं ज्या युनिटला माल पाहिजे तिथे. ते रिक्वायरमेंट लिहून पाठवतात आणि त्यातच ब्रँड ठरून गेलेला असतो. अमुकच कंपनीचा स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं यंत्र) का, तर आहे ते सगळं नेटवर्क त्याच कंपनीचं आहे, दुसरा घेतला तर माणसांना परत शिकवावं लागेल, जुना माल फुकट जाईल, हा दुप्पट खर्च स्पर्धेतून भरून निघणार नाही आणि शिवाय उशीर होईल. एकच ब्रँड हवा असेल तर हे कारण लेखी द्यावं लागतं आणि मोठ्या खरेदीत ते कागद सहसा सरकारी वेबसाइटवर लोकांना बघायला टाकावे लागतात. वाचून बघा एकदोन, नाव बदललं तर एकाचा कागद दुसऱ्याला चालेल इतके सारखे असतात.

आणि यातली खरी गोम पुढेच आहे. ब्रँड ठरला, आता निविदा मागवा. आर्मीत कॉम्प्युटर, सर्व्हर, लायसन्स असला बाजारात मिळणारा माल आधी चेस नावाच्या त्यांच्या ठरलेल्या यादीतून घ्यायचा असा नियम आहे, त्या यादीत आधीच निवडलेले विक्रेते असतात, आणि त्यातले बरेच रीसेलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा माल घेऊन पुढे विकणारे. म्हणजे समजा चार निविदा आल्या तर चारही जण तोच स्विच, त्याच कंपनीचा, विकायला आलेले असू शकतात. कागदावर स्पर्धा झाली. झाली पण, नाही असं नाही, पण ती रीसेलरच्या दोनचार टक्के मार्जिनवर झाली, मालाच्या किमतीवर नाही, कारण किमतीचा मोठा हिस्सा बनवणाऱ्या कंपनीने आधीच ठरवलेला असतो आणि कुठल्या रीसेलरला किती सूट द्यायची हेही बरेचदा तीच ठरवते. त्यात रीसेलर छोटा उद्योग असेल तर अजूनच छान, कारण अमेरिकी सरकारने कंत्राटांच्या रकमेतले निदान २३ टक्के छोट्या उद्योगांना द्यायचं ध्येय ठेवलंय. रेकॉर्डमध्ये छोट्या कंपनीचं नाव लागतं, टक्केवारी भरते आणि पैशाचा मोठा भाग तिच्या हातून पुढे बड्या कंपनीकडे सरकतो. म्हणून नुसतं कंपनीच्या नावाने शोधून "या कंपनीला इतके गेले" असं लिहिणं म्हणजे अर्धीच गोष्ट. बड्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा कितीतरी माल कॅरासॉफ्टसारख्या मधल्या विक्रेत्यांच्या नावावर दिसतो.

दुसरं म्हणजे वेळ. तिकडचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, आणि रोजच्या कामकाजाचा पैसा, ज्यातून लायसन्स रिन्यू होतात, हेल्पडेस्क चालतो, तो एका वर्षाचाच असतो, नवीन कामासाठी त्या तारखेपर्यंत बांधला नाही तर गेला. बरं बजेट वेळेवर मंजूर होतं का? कित्येक वर्षं नाहीच होत, महिनोन् महिने तात्पुरत्या मंजुरीवर गाडा ढकलायचा, त्यात नवीन काम सुरू करायला साधारणपणे बंदी, म्हणजे बारा महिन्यांची खरेदी उरलेल्या पाचसहा महिन्यांत कोंबायची. आपल्याकडचं मार्च एंडिंग तसलंच ते. जेफ्री लीबमन आणि नील महोनी या दोन अर्थतज्ज्ञांचा २०१७ मध्ये यावर पेपर आला होता, अमेरिकेच्या सगळ्या केंद्रीय खात्यांच्या कंत्राटांवर, नुसत्या लष्कराच्या नाही. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली खरेदी बाकी वर्षाच्या सरासरी आठवड्याच्या जवळपास पाचपट, आणि त्या घाईत घेतलेल्या आयटी प्रोजेक्टांचा दर्जा इतरांपेक्षा बराच खाली. न्याय खात्याला उरलेला काही पैसा पुढच्या वर्षी आयटीसाठी वापरता येतो, तर तिथे ही घसरण दिसलीच नाही. म्हणजे रोग कुठे आहे ते कळतंय, पण तरी नियम तोच चालू.

आणि हा पैसा बहुतेक नवीन काही घ्यायला जातच नाही. अमेरिकी सरकार वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर आयटीवर घालवतं त्यातले साधारण ८० टक्के आहे ते चालू ठेवण्यात जातात. २०१५ मध्ये तिथल्या नेव्हीने मायक्रोसॉफ्टला ९१ लाख डॉलर दिले, कशासाठी, तर विंडोज एक्सपीला सपोर्ट देत राहा म्हणून! त्या एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच सगळ्या जगासाठी बंद झाला होता, पण नेव्हीची हजारो मशिनं त्याच्यावर, काढणार कशी. ही असली बातमी छापा ना, १० अब्जांची कशाला.

पेंटॅगॉनचा २०१८ पासून दरवर्षी पूर्ण ऑडिट होतो आणि एकदाही तो निर्धोक पास झालेला नाही, त्यामुळे त्यांच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाहीये. पण जे आकडे उघड्यावर पडलेत ते तरी नीट वाचायला हवेत. आपल्या प्रतिनिधीला एक विनंती आहे. खर्चाच्या सरकारी वेबसाइटवर लष्कराच्या कंत्राटांचा डेटा मुद्दाम ९० दिवस उशिरा टाकतात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काय काय उचललं ते डिसेंबर अखेरीशिवाय दिसत नाही. जानेवारीत एकदा बसून एखाद्याच काँट्रॅक्टिंग ऑफिसचा तो आठवडा काढावा, सीलिंगचा रकाना सोडून बांधलेल्या पैशांचा बघावा, आणि विक्रेत्याच्या नावावर न थांबता ऑर्डरच्या वर्णनात कुठला ब्रँड लिहिलाय तेही बघावं.

आपला,
एक वाचक