तिकीट खिडकीवर मोठी, संग्रहालयात लहान

माननीय संपादक,

सुट्ट्या जवळ आल्या की परदेश सहलीच्या खर्चाबद्दल बरेच छापून येते, पण ते विमानभाडे आणि हॉटेलपाशी थांबते. तेरा ते सतरा वर्षांची मुले सोबत असतील तर शहरातल्या शहरात फिरण्याचा हिशेबही आधी मांडावा. ही मुले मेट्रोच्या लेखी बहुतेक ठिकाणी मोठी असतात, संग्रहालयांच्या लेखी अजून लहान. हे न पाहता चौघांसाठी सरसकट ‘सिटी पास’ (अनेक ठिकाणांच्या प्रवेशाचा एकत्रित पास) घेतला, की मुलांना फुकट मिळणाऱ्या प्रवेशाचेही पैसे मोजले जातात.

पॅरिसमध्ये मेट्रोचे अर्धे तिकीट नवव्या वर्षापर्यंतच; दहा पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. लूव्र आणि ओर्से ही संग्रहालये मात्र अठरा वर्षांखालील सर्वांना मोफत, मग पासपोर्ट कुठलाही असो. तेव्हा म्युझियम पास घेतलाच तर आई-वडिलांपुरता. मोफत म्हणजे थेट आत, असे मात्र नाही. लूव्रची वेळ ऑनलाइन राखून ठेवावी. रोमच्या कोलोसियमलाही अठराखालील मुलांना प्रवेश मोफत, पण तिकिटावर नाव असते आणि ते ओळखपत्राशी जुळावे लागते.

लंडनची गंमत वेगळी. ११ ते १५ वयाच्या पाहुण्या मुलांना प्रौढ भाड्याच्या निम्मे भाडे पडते, पण ते आपोआप नाही. ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड) घेऊन भुयारी रेल्वेच्या स्थानकावरील कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्यावी लागते. ती १४ दिवस चालते. बँकेचे कार्ड टेकवून प्रवास केला तर ही सवलत मिळत नाही. लंडनमध्ये दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, पण एकाच कार्डावर मोजलेल्या प्रवासांना. सकाळी बँकेचे प्लास्टिकचे कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड मोबाइलमधून टेकवले, तर यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. आत शिरताना एक आणि बाहेर पडताना दुसरे टेकवले, तर दोन्ही प्रवास अपुरे समजून जबर भाडे कापले जाते. म्हणून ज्याचे त्याचे कार्ड वेगळे, आणि दिवसभर तेच.

पासची मुदत कशी मोजतात हेही पाहावे. पॅरिसचा आठवडाभराच्या प्रवासाचा नाविगो पास सोमवार ते रविवार असतो. गुरुवारी उतरणाऱ्याला तो क्वचितच परवडतो. टोकियोचे २४ तासांचे सबवे तिकीट पहिल्या वापरापासून मोजले जाते, त्यामुळे दुपारी सुरू केले तर दुसऱ्या दिवशीची सकाळही त्यातच भागते. मात्र ते जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाड्यांवर चालत नाही, आणि शहराला फेरी घालणारा यामानोते मार्ग जेआरचा आहे. बर्लिनमध्ये कागदी तिकिटावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, दंड ६० युरो.

मुलांच्या उशिरा उठण्यावर चिडण्यात अर्थ नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत कामाच्या दिवशी साडेनऊनंतर भाडे उतरते! (संध्याकाळी चार ते सात पुन्हा चढते.) दिवसाला एकच सशुल्क ठिकाण ठेवावे आणि ते मुलांनी निवडावे. उंचावरून शहर पाहण्यासाठी तर पैसे न मोजताही चालते: टोकियोच्या महानगर शासन इमारतीचा ४५वा मजला मोफत आहे, बर्लिनच्या राइशटागचा (जर्मन संसद भवनाचा) घुमट आधी नोंदणी केल्यास मोफत. आयफेल टॉवरला दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेल्यास लिफ्टपेक्षा स्वस्त पडते, आणि या वयाच्या पायांना तो जिना जड नाही.

गाडीचे दार बंद होऊन ताटातूट झालीच, तर पुढे गेलेल्याने पुढच्याच स्थानकावर उतरून फलाटावर थांबायचे आणि मागे राहिलेल्यांनी पुढची गाडी पकडायची, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

— एक वाचक